खांद्यात अडकलेलं बोलणं

माझा उजवा हात पानिपतला थांबला.

तिथल्या एका कापड कारखान्यात सुरक्षेचं प्रशिक्षण चालू होतं. कामगारांमध्ये कर्णबधिर मुलंमुली बरीच होती. कंपनीचा माणूस माइकवर हिंदीत बोलत होता आणि मी त्याचं बोलणं सांकेतिक भाषेत त्यांच्यापर्यंत पोचवत होते. मी दुभाषी आहे, माझं कामच ते. खरं तर या कामाला दोघं लागतात. एकाने थोडा वेळ करायचं, मग दुसऱ्याने, म्हणजे हातांना आणि डोक्याला उसंत मिळते. पण बोलावणारे एकालाच बोलावतात आणि मीही कधी हटून बसले नव्हते. त्या दिवशी सकाळपासून मी एकटीच उभी होते.

जेवणाच्या सुट्टीनंतर आग लागली तर काय करायचं, हा भाग आला. ‘आग’ सांगायला दोन्ही हातांची बोटं हलवत हात वर न्यावे लागतात. डावा गेला. उजवा छातीपर्यंत आला आणि तिथेच राहिला. मानेपासून मनगटापर्यंत अशी कळ गेली की डोळ्यांसमोर क्षणभर काही दिसेना. माइकवरच्या माणसाला पत्ताच नव्हता, तो बोलतच राहिला. पहिल्या रांगेतली एक मुलगी मात्र लगेच उठून उभी राहिली आणि तिने हातांनी विचारलं, “दुखतंय ना? बसा तुम्ही.” मग तिने मागे वळून सगळ्यांना थांबायला सांगितलं. माझ्या मदतीसाठी एखादं प्रशिक्षण असं थांबण्याची ती पहिलीच वेळ.

उरलेलं मी डाव्या हाताने कसंबसं पूर्ण केलं. परत येताना गाडीचा पट्टा मला लावता येईना. ड्रायव्हरने लावून दिला आणि दिल्ली येईपर्यंत तो सरदारजी प्रत्येक खड्डा चुकवायची काळजी घेत होता. “मॅडम, आराम से,” एवढंच मधूनमधून म्हणायचा.

दुखणं त्या दिवशी सुरू झालं नव्हतं. कित्येक महिने खांदा जड होता, सकाळी बोटं आखडलेली असायची, वेणी घालताना हात मागे जात नव्हता. मी बाम चोळत होते, उशी बदलत होते आणि कामाला जात होते.

*

आता आमच्या घराबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय या दुखण्याची खरी जागा कळणार नाही.

मी मेधा. मूळची पुण्याची, लग्नानंतर दिल्लीला आले. माझा नवरा शिरीष जन्मापासून ऐकू शकत नाही. केंद्र सरकारच्या एका खात्यात तो नकाशे काढतो आणि आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. मुलगी रेवा आठवीत आहे. तिला ऐकू येतं. ती माझ्याशी मराठीत सुरू करते, हिंदीत संपवते आणि बाबाशी हातांनी बोलते, तेही माझ्यापेक्षा भरभर.

कॉम्प्युटरवर काम करून ज्यांचे हात दुखतात ते घरी येऊन हात बाजूला ठेवू शकतात. मला ती सोय नव्हती. भाजी कुठली करू, वीजबिल भरलंस का, तुझ्या साहेबांचं काय झालं, झोप आता, वेडा आहेस का: घरातल्या प्रत्येक वाक्याला मला हातच लागतात. शिरीषला ओठांवरून थोडं मराठी कळतं, पुण्याच्या शाळेत त्याला ते शिकवलं होतं. पण त्यामुळे तो पार थकतो आणि आम्हा दोघांनाही तसं बोलायला आवडत नाही. ओठ वाचणं म्हणजे त्याच्यासाठी धुरकट काचेतून बघणं, असं तो म्हणतो.

म्हणजे माझा खांदा गेला तेव्हा माझी नोकरी अडचणीत आलीच, पण त्याआधी आमचं जेवणाचं टेबल गप्प झालं.

*

निदान झालं तो दिवस आठवला की आता मला हसू येतं. तेव्हा हसू आलं नव्हतं.

मोठ्या सरकारी रुग्णालयाचा हाडांचा विभाग. बाकावर जागा नाही, भिंतीला टेकावं तर खांदा दुखतो. माझ्या पुढे प्लॅस्टर घातलेले, काठी घेतलेले, व्हीलचेअरवरचे लोक. मला वाटायला लागलं की आपण उगाच आलोय, बाहेरून तर काहीच दिसत नाही. अखेर नंबर आला. डॉक्टर तरुण होते, दमलेले होते, पण त्यांनी नीट तपासलं. हात वर करा, मागे न्या, मूठ आवळा. एक्स-रे पाहिला, मानेची तपासणीही करून घेतली.

“नस नहीं दबी है, अच्छी बात है,” ते म्हणाले. “मसल्स और टेंडन हैं. एक ही काम बार-बार करने से सूज गए हैं. आप करती क्या हैं?”

मी सांगितलं, सांकेतिक भाषेची दुभाषी आहे.

त्यांनी गोळ्या लिहिता लिहिता मान हलवली. “तो कुछ दिन हाथ से मत कीजिए. बोल के समझा दीजिए उनको.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते लिहीत होते. मग त्यांचा पेन थांबला, त्यांनी वर पाहिलं आणि स्वतःच्याच बोलण्यावर कसनुसं हसले. “सॉरी,” म्हणाले. “फिर तो मुश्किल है.”

नंतर त्यांनी नीट समजावलं. हे बरं होतं, पण वेळ लागतो. विश्रांती हवी, मग हळूहळू हालचाल हवी. आणि काम बदलता आलं तर बदला. शेवटचं वाक्य त्यांनी फार सौम्यपणे सांगितलं. बाहेर आल्यावर मी पायरीवर बसले आणि तेच वाक्य डोक्यात घोळवत राहिले. काम बदलता येईल. नवरा कसा बदलणार?

*

पुढचे दोन-अडीच महिने मी जे जे करू नये ते केलं.

आधी हात गळ्यात बांधून पूर्ण बंद ठेवला. तो आणखी आखडला. मग कुणीतरी मालिश करणारी बाई सुचवली. तिने दातओठ खाऊन खांदा असा रगडला की दुसऱ्या दिवशी मला कप उचलता येईना. “गाठें हैं, तोड़नी पड़ेंगी,” ती म्हणाली. मी तिला पुन्हा बोलावलं नाही. गोळ्यांनी दुखणं उतरायचं, त्या थांबल्या की परत यायचं. कार्यालयातून रजा घेतली होती. दिवसभर घरात बसून मी खांद्याकडेच लक्ष देत होते, आणि ज्याच्याकडे इतकं लक्ष दिलं जातं ते दुखणं काही लवकर जायला तयार नसतं.

सगळ्यात वाईट होतं ते शिरीषचं गप्प होणं. तो ऑफिसमधून यायचा, चहा करून द्यायचा, भांडी घासायचा, आणि मोबाईल घेऊन बसायचा. कधी नव्हे ते त्याने मला काही सांगणंच सोडून दिलं. मला वाटलं, कंटाळला. आजारी बायकोला कोण किती दिवस सहन करणार? मीही चिडून गप्प राहिले. जे अगदी गरजेचं असेल ते मी रेवाला सांगायचे आणि ती बाबाला हातांनी सांगायची.

“रेवा, बाबाला विचार, गॅसचं बुकिंग केलं का?”

“रेवा, बाबाला म्हणावं उद्या पाणी येणार नाहीये.”

एका रविवारी ती गणित सोडवत बसली होती. मी म्हटलं, “रेवा, बाबाला सांग ना, निळा शर्ट इस्त्रीला...”

तिने पेन्सिल टेबलावर आपटली.

“आई, यार! मी तुमची इंटरप्रिटर नाहीये!” तिचा आवाज फाटला. “तुम्ही दोघं एकमेकांशी बोलतच नाही. सब कुछ मेरे थ्रू. तुमचा डिव्होर्स होणारे का? सरळ सांगा ना मला.”

शिरीषला शब्द ऐकू आले नाहीत, पण त्याने तिचा चेहरा पाहिला. तो उठून तिच्यासमोर बसला आणि विचारलं, काय झालं. तिने रडत रडत, हात झाडत सगळं त्याला परत सांगितलं.  मग तो माझ्याकडे वळला.

“मी काही विचारलं की तुला उत्तर द्यावं लागतं,” त्याने सांगितलं. तो फार सावकाश हात हलवत होता. “उत्तर देताना तुझा चेहरा दुखण्याने वाकडा होतो. म्हणून मी विचारणं बंद केलं.”

एवढे दिवस तो माझा हात वाचवत होता, आणि मला वाटत होतं तो माझ्यापासून लांब चाललाय. मी डाव्या हाताने त्याला म्हटलं, “विचार. दुखलं तरी विचार.” रेवाने नाक पुसलं आणि म्हणाली, “मग मी जाऊ? माझं मॅथ्स राहिलंय.”

*

शेजारच्या नायर काकू गुडघ्यासाठी मुनिरकाला एका मुलीकडे जायच्या. “ती दाबत नाही, तोडत नाही,” त्या हिंदीत म्हणाल्या, “एकदा दाखव तरी.” दुसऱ्याच दिवशी मी गेले.

मुनिरकाच्या गल्लीत दोन इमारतींमधून आभाळाची जेमतेम पट्टी दिसते. मोमोच्या गाडीशेजारून वर जाणारा अंधारा जिना, प्रत्येक मजल्यावर विद्यार्थ्यांच्या चपलांचा ढीग, आणि सगळ्यात वर गच्चीला लागून एक लख्ख खोली. तिथे सनाथोई भेटली. मणिपूरची, फिजिओथेरपी शिकलेली, तिशीतली. सगळे तिला थोई म्हणतात. तिने माझे सगळे रिपोर्ट वाचले, डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं आणि मग म्हणाली, “दीदी, आप जैसे काम पर बोलती हो, वैसे कुछ बोलिए.”

मी आदल्या दिवशीची एक बातमी हातांनी सांगायला लागले. ती माझ्याभोवती फिरून बघत होती. मग तिने मोबाईलवर टिपलेलं मला दाखवलं. वाक्य सुरू व्हायच्या आधीच माझे दोन्ही खांदे कानांकडे जात होते आणि वाक्य संपलं तरी खाली येत नव्हते. श्वास तर मी घेतच नव्हते.

“हाथ बाद में बोलता है,” थोई म्हणाली. “कंधा पहले से डर के खड़ा हो जाता है.”

मग तिने मला चटईवर आडवं केलं. डोक्याखाली घडी घातलेली चादर, गुडघे वाकवलेले. उजवा हात जमिनीवरून डोक्याच्या दिशेने जरासा सरकवायचा आणि परत आणायचा. बस. मी सरकवला. ती म्हणाली, “आधा करो.” मी अर्धा केला. “अब उसका भी आधा.” मला अपमान झाल्यासारखं वाटलं. एवढ्यासाठी तीन जिने चढून आले? पण त्या अर्ध्याच्या अर्ध्यात पहिल्यांदाच दुखलं नाही. कित्येक महिन्यांनी मी हात हलवला आणि दुखलं नाही.

नंतर तिने माझा हात मनगट आणि कोपराखाली धरून उचलला. “छोड़ दो दीदी, मैंने पकड़ा है.”

“छोड़ा है,” मी म्हटलं.

तिने आपले हात हळूच काढून घेतले. माझा हात तसाच हवेत उभा! मी त्याला सोडलेलंच नव्हतं. आम्ही दोघी इतक्या हसलो की बाहेर गच्चीवर कपडे वाळत घालणारी मुलगी डोकावून गेली. त्या दिवशी निघताना मला खात्री होती की मी बरी होणार. कशी, ते माहीत नव्हतं, पण आता माझ्या हातात करण्यासारखं काहीतरी होतं.

*

थोईने दुसऱ्याच आठवड्यात शिरीषला बोलावलं. तिला त्याला शिकवायचं होतं की खांद्याला आधार कसा द्यायचा. एक तळवा पाठीमागून खांद्याच्या पात्यावर, एक पुढून, दाब अजिबात नाही, फक्त वजन घ्यायचं आणि थांबायचं. मी दोघांमध्ये दुभाषी होणार, तेवढ्यात थोईने मला थांबवलं. “आप नहीं. मैं दिखाऊँगी, वो देखेंगे.” आणि खरंच, तिच्या हातांकडे बघून तो एका झटक्यात शिकला. बघून शिकायची त्याला आयुष्यभराची सवय.

घरी मात्र एक अडचण आली. तो माझ्या मागे बसला की त्याला माझा चेहरा दिसायचा नाही, आणि मी ‘आई गं’ म्हटलं तर ऐकू येणार नाही. पहिल्या संध्याकाळी मी मांडीवर थाप मारत राहिले आणि तो मन लावून खांदा धरून बसला. शेवटी रेवानेच तोडगा काढला. “कपाटासमोर बसा ना, आरशात दिसेल.” तेव्हापासून रोज जेवणाआधी मी कपाटासमोर स्टुलावर आणि शिरीष मागे. आरशातून तो माझ्या चेहऱ्याकडे इतकं लक्ष देऊन बघायचा की मला लाज वाटायची. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातसुद्धा इतकं बघितलं नसेल.

त्याचे हात उबदार आहेत. ते काही करत नसत, नुसते असत. थोड्या वेळाने खांदा आपणहून खाली यायचा. मला आठवतं, एकदा तो खाली आला तेव्हा शिरीषला माझ्या आधी कळलं आणि आरशात त्याचे डोळे हसले.

*

सरळ रेषेत कुणीच बरं होत नाही. मला जरा बरं वाटलं आणि मी एका परिषदेत लागोपाठ दोन सत्रं केली. ‘आज जमतंय तर करून टाकू,’ ही माझी जुनी सवय. परिणाम असा की पुन्हा कप उचलवेना. मी थोईकडे रडकुंडीला येऊन गेले. ती शांत होती. “ख़राब नहीं हुआ, दीदी. ज़्यादा हुआ.” आणि आम्ही परत अर्ध्याच्या अर्ध्यावर आलो. या खेपेला उतार लवकर पडला, कारण काय करायचं ते शरीराला आता माहीत होतं.

पण मलाही एक कळलं. खांदे मी कितीही सैल सोडले तरी दिवसभर एकटीने उभं राहण्यावर तो उपाय नाही. मी सरळ आमच्या कार्यालयातल्या अधिकाऱ्यांकडे गेले.

“सर, आगे से किसी भी बड़े प्रोग्राम में दो इंटरप्रिटर लगेंगे.”

“मॅडम, पहले तो आप अकेली कर लेती थीं.”

“कर लेती थी,” मी म्हटलं. “इसीलिए आज हाथ दिखाने आई हूँ.”

त्यांनी आधी टाळाटाळ केली. मग एका कार्यक्रमाला मी गेलेच नाही. पुढच्या वेळी दोघी गेलो, मी आणि सुरभी नावाची माझी सहकारी. तिची पाळी असताना मी खुर्चीत बसले, हात मांडीवर उताणे ठेवले आणि पहिल्यांदाच आमचं काम बाहेरून, निवांत पाहिलं. किती सुंदर दिसतं ते!

*

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचा खांदा, मान, मनगट असंच धरलं असेल, तर मी डॉक्टर नाही, हे आधी सांगते. आधी तपासून घ्या. हाताला मुंग्या येत असतील, वस्तू हातातून निसटत असतील तर अजिबात थांबू नका. त्यानंतर मात्र घाबरू नका. जो तुमचं अंग तोडायला निघालाय त्याच्याकडे जाऊ नका. दुखायच्या आधी थांबायला शिका, हे सगळ्यात अवघड आहे आणि सगळ्यात उपयोगाचं. थोडं करा, हळू करा, रोज करा. आणि घरच्यांना सांगा. तुम्ही सांगितलं नाहीत तर ते आपापल्या परीने अर्थ लावतील, तुम्हीही लावाल, आणि दोघांचेही चुकतील.

मी आजही सकाळी चटईवर पडते. आजही एखाद्या दिवशी खांदा कुरकुरतो. त्याचं मला आता भय वाटत नाही.

गेल्या महिन्यातली गोष्ट. मी वरण उकळायला ठेवलं होतं आणि शिरीष स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला की त्याच्या कर्णबधिर मित्रमंडळाचा मेळावा आहे, आणि दिवसभरासाठी त्याने माझं नाव देऊन टाकलंय.

“एकटीचं?” मी विचारलं.

“आपलीच माणसं आहेत,” तो म्हणाला. “त्यांना नाही कसं म्हणायचं?”

“आपलीच आहेत म्हणून तर सांगता येतं! सुरभीलाही बोलव. तूच आरशात बघत होतास ना रोज?”

“तिला कोण विचारणार आयत्या वेळी?”

“तू विचारणार. नाव तू दिलंस.”

तो मोठमोठे हात करून बोलत होता, मीही. आमचं इतकं भरघोस भांडण कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. रेवा आवाज ऐकून आली. आवाज म्हणजे माझ्या बांगड्यांचा आणि उतू जाणाऱ्या वरणाचा. तिने आमच्याकडे पाहिलं, काही न बोलता मधून वाट काढत गॅस बंद केला, आणि ओट्याला टेकून संत्रं सोलत भांडण बघत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

माझे खांदे वर चढू लागलेले मला जाणवले. मी हात खाली सोडले, एक श्वास पूर्ण होऊ दिला. शिरीष थांबला होता, वाट बघत.

मग मी माझा पुढचा मुद्दा काढला.